तपशील म्हणजे चैन नव्हे

ऑक्टोबर २०२२मध्ये सोनीनं ‘ए७आर ५’ हा ६१ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा जाहीर केला. तेव्हापासून त्याच्याबद्दल एक निकाल ठरून गेल्यासारखा झाला आहे: कॅमेरा उत्तम, पण एवढे मेगापिक्सेल हवेत कुणाला? चोवीस पुष्कळ झाले, बाकीचं कंपन्यांचं विक्रीतंत्र. कॅमेरा क्लबात हेच ऐकू येतं, कार्यशाळांत हेच शिकवलं जातं आणि नव्यानं या वाटेला लागलेली मुलं हेच पाठ म्हणतात. हा निकाल ऐकायला शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात काटकसर आहे आणि जाहिरातीला न भुलण्याचा बाणा आहे. तरीही तो चुकीचा आहे. त्याच्या बाजूनं दिली जाणारी तांत्रिक कारणं बहुतेक तपासणीत टिकत नाहीत. त्याहून मोठी चूक अशी, की फोटोतला तपशील आज किती लागतो एवढंच तो विचारतो. उद्या तो फोटो कोण आणि कशासाठी उघडेल, हे त्याच्या हिशेबातच नाही.

‘मेगापिक्सेलची शर्यत’ हा आरोप या कॅमेऱ्यावर करणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली आहे. २०१९च्या ‘ए७आर ४’मध्येही ६१ मेगापिक्सेलच होते. तीन वर्षांनी आलेल्या नव्या मॉडेलात एकही मेगापिक्सेल वाढलेला नाही. माणसाचा, पक्ष्याचा डोळा आणि कीटकही ओळखून फोकस धरणारी स्वतंत्र चिप आली. हाताचा कंप शोषणारी यंत्रणा कंपनीच्या मोजणीप्रमाणे साडेपाच स्टॉपवरून आठ स्टॉपवर गेली. दर्जाला धक्का न लावता लहान होणारी रॉ फाइल आली. फोकस थोडा थोडा पुढे सरकवत ओळीनं फोटो घेण्याची सोय आली. हे सगळं कशासाठी? सेन्सरमध्ये आधीपासून असलेला तपशील प्रत्यक्ष फोटोत उतरावा यासाठी. याला शर्यत म्हणता येत नाही.

आता एकेक कारण घेऊ. पहिलं नेहमीचं: पिक्सेल लहान, म्हणून कमी उजेडात नॉइज जास्त. ही तुलना करणारे दोन्ही फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवतात. पण शंभर टक्क्यांवर ६१ मेगापिक्सेलचा फोटो २४च्या फोटोपेक्षा सरळ दीडपटीहून अधिक मोठा झालेला असतो. मोठं भिंग लावून एकाचे दोष मोजायचे आणि लहान भिंगानं दुसऱ्याचे, ही तुलना न्याय्य नव्हे. दोन्ही फोटोंची सारख्या आकाराची प्रिंट काढा. सेन्सरचा आकार तोच, लेन्स तीच, शटर तेच, म्हणजे पडलेला एकूण प्रकाशही तेवढाच. ६१चा फोटो २४वर आणला की शेवटच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये मूळच्या अडीच पिक्सेलची सरासरी येते आणि नॉइज सुमारे १.६ पटीनं खाली उतरतं. अगदी टोकाच्या आयएसओला थोडा फरक उरतो, आणि अंधारात व्हिडिओ काढणाऱ्यानं २०२०चा १२ मेगापिक्सेलचा ‘ए७एस ३’ घ्यावा, हे खरं. लग्नाच्या हॉलमधल्या किंवा संध्याकाळच्या घाटावरच्या फोटोत मात्र ही भीती निराधार आहे.

दुसरं कारण अधिक ठासून सांगितलं जातं: एवढा तपशील टिपणाऱ्या लेन्सच नाहीत, त्यामुळे जादा पिक्सेल वाया जातात. हे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जुन्या कॅमेऱ्याकडे पाहावं. २०१२ साली निकॉननं ‘डी३२००’ हा नवशिक्यांसाठीचा कॅमेरा आणला, एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर २४ मेगापिक्सेलचा. तो सेन्सर क्षेत्रफळानं फुल फ्रेमच्या निम्म्याहून कमी. तेवढ्याच दाटीनं फुल फ्रेम भरली तर पन्नासहून जास्त मेगापिक्सेल होतात. फुजीफिल्मच्या २६ मेगापिक्सेलच्या ‘एक्स-टी३’मध्ये तर पिक्सेलची दाटी ए७आर ५एवढीच आहे, प्रत्येक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. हे कॅमेरे वर्षानुवर्षं साध्या किट लेन्सवर चालले आणि लेन्स कमी पडते म्हणून त्यांना कुणी परत केलं नाही. तीच दाटी मोठ्या सेन्सरवर आली की ती फाजील कशी ठरते?

त्यातही एक समजूत मुळातच चुकीची आहे. लेन्स आणि सेन्सर यांत जो कमजोर असेल तेवढीच फोटोची धार राहते, असं मानलं जातं. प्रत्यक्षात दोघांच्या क्षमतेचा गुणाकार होतो. त्यामुळे लेन्स मध्यम असली तरी सेन्सर सुधारला की निकाल सुधारतो, आणि सेन्सर तोच ठेवून लेन्स सुधारली तरी सुधारतो. जुन्या लेन्सवर अडीचपट पिक्सेल आले म्हणून तपशील अडीचपट होणार नाही, हे मान्य. पण तो वाढेल, कमी होणार नाही. विवर्तनाचं, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचंही असंच. एफ/११ला प्रकाशाच्या बिंदूचा सुमारे १५ मायक्रॉनचा ठिपका पडतो, म्हणजे तो कित्येक पिक्सेलवर पसरतो. पण तो २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरही तेवढाच पसरतो. सारख्या आकाराच्या प्रिंटमध्ये दाट सेन्सर त्यामुळे मागे पडत नाही. त्याचा फायदा तेवढा घटतो. हात हलण्याबद्दलही हेच उत्तर.

राहिलं ते सगळ्यात लोकप्रिय कारण: फोटो पाहणार मोबाइलवर, फार तर टीव्हीवर. फोर-के पडदा म्हणजे अवघे ८.३ मेगापिक्सेल. ए-थ्री आकाराची ३०० डीपीआयची प्रिंटही साडेसतरा मेगापिक्सेलमध्ये निघते. मग ६१ कशाला? गणित अचूक आहे. निष्कर्ष चुकतो, कारण फोटो म्हणजे एकदा, अख्खा आणि आजच्याच पडद्यावर पाहायची वस्तू, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

एक काम जवळून पाहू. एखाद्या गावच्या वाचनालयात जुनी वृत्तपत्रं बांधून ठेवलेली असतात. कागद पिवळा पडून कडांना तुकडे पडत असतात, पान उलटलं की चुरा खाली पडतो. अशा बाडाचे फोटो काढायची संधी बहुधा एकदाच मिळते. दुसऱ्यांदा हात लावायला पान शिल्लक नसतं. पान समजा १५ बाय २२ इंचांचं आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लांबीकडून ६,००० पिक्सेल, म्हणजे इंचाला जेमतेम २७०. ए७आर ५मध्ये लांबीकडून ९,५०४, म्हणजे इंचाला ४३०. बारीक टायपातला अनुस्वार साधारण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. पहिल्या फोटोत त्याच्या वाट्याला तीन पिक्सेल येतात, दुसऱ्यात पाच. तीन पिक्सेलचा अनुस्वार आणि कागदावरचा बुरशीचा ठिपका यांत फरक करणं कठीण. पाच पिक्सेलांत कड दिसू लागते, गोलाई दिसू लागते, शाईचा काळेपणा आणि बुरशीचा तपकिरीपणा वेगळा पडतो. इथे रंगही महत्त्वाचा, कारण सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरले जातात. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे चोवीस दशलक्ष पूर्ण रंगीत बिंदू नव्हेतच. ए७आर ५ सेन्सर किंचित सरकवत चार फोटो घेतो तेव्हा प्रत्येक बिंदूला तिन्ही रंग खरेखुरे मिळतात; सोळा घेतले तर २४० मेगापिक्सेलचा फोटो तयार होतो. त्यासाठी कॅमेरा आणि वस्तू दोन्ही स्थिर हवीत आणि फोटो नंतर संगणकावर जुळवावे लागतात. स्टँडवर उलटा टांगलेला कॅमेरा आणि खाली पसरलेलं पान असेल तर दोन्ही जमतं.

मोडी कागदांत तर तपशिलाची भूक आणखी मोठी. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग हात शक्य तो न उचलता अक्षरं लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. एक शब्द कुठे संपला हे वाचणारा पुष्कळदा संदर्भावरून ठरवतो, आणि संदर्भ कमी पडला की बोरूच्या रेघेकडे पाहतो: शाई कुठे दाट आहे, कुठे बोरू पुन्हा बुडवलेला दिसतो, कुठे रेघ तुटून परत जोडली आहे. हे सगळं मिलिमीटरच्या आतलं असतं. फोटो काढणाऱ्याला मोडी येत नसेल, तर त्यातलं काय महत्त्वाचं हे त्याला कळणारही नाही. म्हणून त्यानं निवड करू नये, सगळंच टिपून ठेवावं.

निवडीच्या धोक्याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची वर्षं घातली. त्यांतल्या बहुतेक १८६६च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात तेच काम पुन्हा करत राहिले. त्यांच्याही बऱ्याच नकला लंडनलाच १८८५च्या आगीत गेल्या. ज्या वाचल्या त्या अमोल आहेत. तरी त्या नकला आहेत. नकलाकाराला जे दिसलं आणि जे मोलाचं वाटलं तेच त्यांत उतरलं. भिंतीवरचा तडा, रंगाचा उडालेला पोपडा, खालच्या रेखाटनाची डोकावणारी रेघ यांबद्दल आजचा अभ्यासक प्रश्न विचारतो, तेव्हा त्या नकला उत्तर देऊ शकत नाहीत. आपल्या हाती असलेलं साधन नकलाकाराची निवड टाळू शकतं. ते असताना ‘एवढं कशाला’ म्हणणं मला पटत नाही.

आता रानात जाऊ. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४नंतर कुणाला खात्रीनं सापडलं नव्हतं. रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९१४ साली तापीकाठच्या मांडवी इथे ते मिळवल्याची नोंद होती आणि शोध घेणारे त्या नोंदीमागे जात राहिले. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईनं तपासला. कातडं उसवून नव्यानं भरलेलं निघालं. जुन्या भरणीच्या खुणा आत राहिल्या होत्या आणि त्या १८८०च्या दशकात खानदेशात पक्षी गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांच्या हातच्या ठरल्या. नमुना संग्रहालयातून चोरलेला होता. ती नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कातडं भरणाऱ्यानं आपला टाका पुढे पुरावा ठरेल असा विचार केला नव्हता. टाका टिकून राहिला, म्हणून प्रश्न विचारता आला.

आज रानपिंगळा आणि सगळीकडे दिसणारा साधा पिंगळा यांचा गोंधळ फोटोवरूनच सोडवला जातो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं. पक्षी जेमतेम २३ सेंटिमीटरचा. तीस मीटरवरून ४०० मिलिमीटरच्या लेन्सनं फोटो घेतला, तर ६१ मेगापिक्सेलमध्ये तो सुमारे ८२० पिक्सेल उंच येतो, २४मध्ये सुमारे ५२०. डोक्यावरचा दोन मिलिमीटरचा ठिपका पहिल्यात सात पिक्सेलचा, दुसऱ्यात चार-पाचाचा. चोवीसच्या कॅमेऱ्यानं तेवढाच तपशील हवा असेल तर तुम्हाला एकोणीस मीटरपर्यंत पुढे सरकावं लागेल. ही अकरा मीटरं पक्ष्याची आहेत. घरट्याजवळ, पिल्लांच्या दिवसांत, ती त्याच्याकडून हिसकावण्याचा आपल्याला अधिकार नाही. मोठी लेन्स हाही मार्ग आहे. पण ६०० मिलिमीटरची मोठ्या छिद्राची प्राइम लेन्स या कॅमेऱ्याच्या कितीतरी पट महाग पडते. क्रॉपला आळशीपणा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

यावर नवं उत्तर तयार असतं: आता एआय आहे, २४चे ९६ करून देतं. अडोबीनं मार्च २०२१मध्ये कॅमेरा रॉमध्ये अशी सोय आणली आणि प्रिंट मोठी करायला ती उपयोगी आहे, यात वाद नाही. पण असं सॉफ्टवेअर पाहिलेल्या लाखो चित्रांवरून संभाव्य तपशील भरतं. त्या घुबडाच्या डोक्यावर त्यानं ठिपके काढले, तर ते पक्ष्याचे की प्रशिक्षणातल्या चित्रांचे? मोडीत त्यानं तुटलेली रेघ जोडून टाकली, तर शब्द बदलला. भिंतीवर लावायच्या निसर्गचित्रात ही भर चालून जाईल. जिथे फोटो पुरावा आहे तिथे ती खोटी साक्ष ठरते, आणि यंत्रं जितकी बेमालूम भर घालू लागतील तितकी मुळात टिपलेल्या तपशिलाची किंमत वाढत जाईल.

इतकं म्हटल्यावर या कॅमेऱ्याच्या खऱ्या उणिवाही सांगितल्याच पाहिजेत. त्याचा सेन्सर सावकाश वाचला जातो. इलेक्ट्रॉनिक शटरवर अख्खी फ्रेम वाचायला सुमारे सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. तेवढ्यात उडत्या पक्ष्याचा पंख वाकडा होतो, एलईडीच्या उजेडात पट्टे उमटतात. यांत्रिक शटर वापरून ते बहुतांशी टळतं, पण नीरव आणि वेगवान काम हवं असणाऱ्यानं ५० मेगापिक्सेलचा सोनी ‘ए१’ किंवा ४५.७ मेगापिक्सेलचा निकॉन ‘झेड८’ पाहावा. त्यांचे स्टॅक्ड सेन्सर कैक पट वेगानं वाचले जातात. हेच संथ इलेक्ट्रॉनिक शटर कागदपत्रांच्या कामात वरदान आहे: काहीही हलत नाही, कंप होत नाही, आवाज होत नाही. समोरच्या पोताची वीण आणि पिक्सेलची जाळी एकमेकांवर आली की दिसणारी मोआरेची नक्षी हाही प्रश्न आहे, कारण ती रोखणारं गाळणं या सेन्सरवर नाही. पैठणीचे किंवा इरकलीचे फोटो काढणाऱ्यानं आधी चाचणी घ्यावी.

साठवणीचा खर्च तर उघड आहे. दाबून लहान न केलेली रॉ फाइल १२० मेगाबाइटच्या पुढे जाते. हजार फोटो म्हणजे १२० गिगाबाइट, दोन प्रती ठेवल्या की दुप्पट. नव्या प्रकारच्या फाइलनं हा भार बराच हलका होतो आणि २६ किंवा १५ मेगापिक्सेलची लहान रॉ निवडण्याची सोयही आहे. शिवाय भारतात आली तेव्हा नुसती बॉडी साडेतीन लाखांच्या घरातली होती. दर शनिवारी दोन हजार फोटो काढून सोमवारी अल्बम द्यायचा, असा ज्याचा लग्नाचा धंदा आहे त्याला ए७आर ५ घेऊ नको असंच मी सांगीन. ३३ मेगापिक्सेलचा ‘ए७ ४’ त्याच्या कामाला पुरून उरतो. बातमीच्या छायाचित्रकारालाही तेच. मात्र ही कारणं वेगाची, वेळेची आणि पैशांची आहेत. त्यांच्या जोरावर तपशील निरर्थक आहे असा सिद्धांत मांडता येत नाही, आणि आजवर नेमकं तेच झालं आहे: ज्याला परवडत नाही किंवा ज्याच्या धंद्याला लागत नाही त्याची अडचण सर्वांसाठी नियम म्हणून सांगितली गेली.

शेवटी एक नैतिक ढाल पुढे केली जाते: फोटो कॅमेरा काढत नाही, नजर काढते. नजरेवाचून फोटो नाही, हे कुणी नाकारत नाही. पण थोर नजरेच्या माणसांनीच तपशिलासाठी सर्वांत जास्त कष्ट उपसले, हेही इतिहासात आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाडांसारखी माणसं तिच्यात होती. त्या काळचे छायाचित्रकार अवजड लाकडी कॅमेरे आणि मोठ्या काचा बैलगाडीतून वाहून नेत. नंतर हातात मावणारे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे आले, तरी इमारतींचे, कारखान्यांचे, कलावस्तूंचे फोटो काढणारे फोर बाय फाइव्हची शीट फिल्म वापरत राहिले. त्यांना ‘एवढा तपशील कशाला’ असं विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. नजर आणि साधन यांच्यात भांडण लावण्याची ही रीत आपल्या काळातली आहे आणि ती विद्यार्थ्यांचं नुकसान करते. तपशील मागणाऱ्या कामाची ओढ असलेल्या मुलाला ती आपली ओढच उथळ आहे असं पटवून देते.

तपशील हवा असेल तर साडेतीन लाखच लागतात असंही नाही. २०१७चे निकॉन ‘डी८५०’ आणि सोनी ‘ए७आर ३’, २०१४चा ३६ मेगापिक्सेलचा ‘डी८१०’ आज वापरलेल्या स्थितीत पुष्कळ कमी पैशांत मिळतात. ४० मेगापिक्सेलचा फुजी ‘एक्स-टी५’ नवा घेतला तरी स्वस्त पडतो. चार-पाच वाचनालयं किंवा निसर्गप्रेमींच्या दोन संस्था एकत्र आल्या तर एक ए७आर ५, एक चांगली मॅक्रो लेन्स आणि एक कॉपी स्टँड सामाईक घेता येईल. कॅमेरा क्लबांनीही आपल्या सभासदांना चोवीस पुरे असा ठोक सल्ला देणं थांबवावं आणि आधी त्यांचं काम विचारावं. ज्याचा फोटो संध्याकाळी पाहून संपणार आहे त्याला थोडे पिक्सेल पुरतात. ज्याचा फोटो वस्तू नष्ट झाल्यावर, माणूस गेल्यावर, जंगल तुटल्यावर दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाला उत्तर देणार आहे, त्यानं परवडेल तेवढा जास्तीत जास्त तपशील घ्यावा आणि त्याबद्दल कुणाचीही क्षमा मागू नये.